पत्रास कारण की, चिरंजीव गाडीखाली आहेत

कॉव्हेंट्री, रविवार दुपार

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,


इकडे सर्व खुशाल. गेल्या रविवारी आईंनी फोनवर चिरंजीवांची चौकशी केली, तेव्हा नातीने "बाबा गाडीखाली आलाय" असे सांगून लोणावळ्यात हलकल्लोळ उडवून दिला, त्याबद्दल सूनबाई हात जोडून माफी मागते. पोरीचे मराठी शनिवारच्या शाळेतले. बाबा गाडीखाली झोपलाय आणि गाडीखाली आलाय यांतला फरक त्या शाळेत अजून शिकवलेला नाही.

तर गाडीविषयी. ट्रायम्फ स्पिटफायर १५००, १९७७ची. माणसे बसतात दोन, तिसऱ्याने फाटकात उभे राहून हात हलवायचा. वजन साधारण आठशे किलो, म्हणजे इंद्रायणी तांदळाची क्विंटलभराची आठ पोती. बनली याच गावातल्या कॅन्लीच्या कारखान्यात. त्यामुळे घेताना चिरंजीवांनी "गावातलीच आहे" असे स्थळाबद्दल सांगावे तसे सांगितले होते. चाळीस वर्षांपुढच्या जुन्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि वार्षिक तपासणीची सक्तीही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. तपासणी नाही म्हणजे गाडीत काय बिघडलेय ते आपल्यालाच शोधावे लागते, हे एकदाही सांगितले नाही.

फोटो बघताच बाबांनी विचारले होते, "ही आपल्या हेराल्डची कोण?" बरोबर ओळखलेत. धाकटी बहीण. हेराल्ड इथे १९५९ साली आली, १९६१पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली. १९६२ साली तिचाच सांगाडा आखूड करून त्यावर स्पिटफायर उभी केली. दोघींचे रूप जोव्हानी मिकेलोत्ती या एकाच इटालियन कारागिराचे. अख्खे नाक पुढे कलंडून उघडणारे ते बॉनेटसुद्धा तसेच. मात्र चार दारांची हेराल्ड फक्त मद्रासला बनली. इथल्या हौशी मंडळींना ते खरे वाटेना, म्हणून बाबांचा ओटीसमोरच्या हेराल्डबरोबरचा फोटो चिरंजीव पाकिटात घेऊन हिंडतात. सूनबाईचा फोटो त्याच्या मागे असतो.

पहिला आजार काट्यांचा. इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालाकडे धावू लागला. चिरंजीव पडले खंडाळ्याच्या घाटातले प्रवासी. लहानपणी हेराल्ड तापली की शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबायचे, देवाला नाणे टाकायचे, थोड्या वेळाने रेडिएटरला पाणी पाजायचे. तोच शिरस्ता इथे. भर चौकाजवळ गाडी कडेला, हातात पाच लिटरचा कॅन, बॉनेट उघडे. रेडिएटरला हात लावला तर जेमतेम कोमट! शिवाय काटा लालाकडे जायचा तेव्हा पेट्रोलचा काटाही वर चढायचा. गाडी चालवली की पेट्रोल वाढते, या आनंदात चिरंजीवांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पेट्रोल संपून गाडी ढकलत आणली. कारण एवढेसेच. दोन्ही काट्यांना साधारण दहा व्होल्टचा सारखा पुरवठा करणारी एक चिमुकली डबी मीटरांमागे असते. तिचे अर्थिंग सुटले की दोन्ही काटे एकदम खोटे बोलतात. गंजलेला स्क्रू पॉलिश पेपरने घासला, काम झाले. खर्च शून्य. ढकलणाऱ्या शेजाऱ्यांना बटाटेवडे खाऊ घातले, तो वेगळा.

दुसरा आजार उंबऱ्याचा. उंबऱ्यावर बसू नये, हे आईंनी पोराला लहानपणापासून सांगितले. पण कोण ऐकतो? दार उघडून, दाराखालच्या पत्र्यावर टेकून चिरंजीव बूट घालायला गेले, तर खालून कुरकुरीत आवाज. कार्पेट उचलले तर आतून अंगणातले गवत दिसले. हेराल्डच्या सांगाड्याला दोन्ही कडांनी आधाराच्या पट्ट्या होत्या. स्पिटफायरला त्या नाहीत, तो भार हे पोकळ उंबरेच पेलतात. त्यात हुडातून आणि दारांतून झिरपणारे पाणी साचते. आपल्याकडे भातलावणीला बाया इरले घेत, तसे एखादे या गाडीला घालायला हवे होते. उंबरे कापण्याआधी वेल्डरने दारांच्या चौकटीत लोखंडी टेकू जोडून घेतले. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि नव्या उंबऱ्यावर जुनी दारे लागतच नाहीत.

तिसऱ्या तपासणीत सूनबाईची नेमणूक झाली. आत बसून क्लच दाबायचा आणि सोडायचा, चिरंजीव समोरून क्रँकची पुली बघणार. पुली अर्धा मिलिमीटरही पुढेमागे हलता कामा नये. हलली, तर क्रँकला जागेवर धरणाऱ्या अर्धचंद्री चकत्या झिजल्या. त्या निसटून तेलाच्या टाकीत पडल्या की इंजिनाचेच वाटोळे. पन्नास वेळा क्लच दाबून झाला. पुली हलली नाही, सूनबाईचा गुडघा मात्र हलला.

पण खरी भीती वाटली ती पुढच्या चाकांची. चाकाचा उभा पोलादी खांब खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यांवर बसतो. त्याला इथे ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की खांब त्या आट्यांत फिरतो. चिरंजीवांनी फोनवर वर्णन सुरू केले तेव्हा बाबांनी मध्येच तोडून एकच विचारले, "ग्रीस भरलंय की नव्वद नंबरचं ऑइल?"

ग्रीसच होते. आधीच्या मालकाने मायेने ठासून भरलेले. ते सगळ्या आट्यांपर्यंत पोचत नाही, वाळते, पाणी शिरते, पोलाद गंजते आणि एके दिवशी खांब मोडून चाक आडवे होते. चिरंजीवांनी खोलून पाहिले. डाव्या खांबावर आट्यांच्या वर तांबड्या गंजाचे कडे होते, नखाला लागेल इतके खोल. दोन्ही खांब नवे घातले. त्या रात्री नीट जेवले नाहीत. आदल्याच रविवारी नातीला त्याच गाडीतून केनिलवर्थचा किल्ला दाखवून आणले होते.

म्हणून आज पुन्हा गाडीखाली. २०२१पासून इथल्या साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबरी पाइप त्याने भुसभुशीत होतात. तेही बदलणे चालू आहे.

आता काम. माळ्यावर हेराल्डच्या सामानाच्या ट्रंकेत बाबांची ती ग्रीसगन आहे, जिच्यावर पांढऱ्या रंगाने "फक्त तेल" लिहिलेय. इथे नवी मिळते, पण चिरंजीवांना तीच हवी. वन्संच्या दिरांबरोबर धाडावी. आतले तेल काढून, पुसून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. वजनात बसत नसेल तर चिक्की एक किलो कमी करावी. काजूची नको, शेंगदाण्याची करावी.

आपली,
सूनबाई