फोटोवरून रुपया कसा जोखावा

चांदीचं जुनं प्रूफ नाणं नुसत्या फोटोवरून जोखण्याचं शास्त्र गोंदिया जिल्ह्यात अजून रांगतं आहे. चिमूटभर तांदूळ तळहातावर घेऊन धानाचं वाण सांगणारी माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. पण मोबाइलवर रुपयाचा फोटो आला की तीच माणसं ‘भारी आहे’ एवढंच म्हणतात. ज्यांच्या घरी आमच्यासारखे भाऊजी आहेत, त्यांच्यासाठी पुढील नियम.

नियम पहिला. फोटो रात्री जेवणानंतर आला असेल तर ग्रेड एक पायरी उतरवूनच बोलणी सुरू करावीत. त्या वेळी भाऊजी ट्यूबलाइटखाली पेटी उघडून बसलेले असतात आणि खाली लिहिलेलं असतं, “पाहा ना जी, कसा चमकून राह्यला!”

नियम दुसरा. चमकतो म्हणून प्रूफ, हे गणित चुकीचं आहे. प्रूफ नाणं टांकसाळीत वेगळ्या रीतीने पाडतात: ठसा घोटलेला, तबकडी निवडक, दाब बहुधा एकाहून अधिक वेळा. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी होते आणि अक्षरांच्या कडा धारदार उठतात. पुष्कळ नाण्यांत चेहरा मुद्दाम दुधाळ ठेवलेला असतो. चिंच आणि राखेने घासलेला साधा रुपयाही चमकतो, पण त्याची चकाकी राजाच्या गालावरून, मिशीवरून आणि अक्षरांवरून सरसकट पसरलेली असते, आणि अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे झिजलेले असतात. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घराघरांत किती ग्रेड धुतले जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पंचामृताचा अभिषेक वेगळाच.

नियम तिसरा. नाण्यात भाऊजींचा चेहरा दिसला तर आशा सोडू नये. आरसा खरा असेल तर त्यात मोबाइल, बोटं आणि छताचा पंखा उतरणारच. म्हणून दोन फोटो मागावेत, दिव्याची बाजू बदलून. प्रूफचं तेच मैदान एकदा काळंकुट्ट येईल, एकदा पांढरंफेक. दोन्हीत नुसतं करडंच दिसलं तर विषय बदलून पोरांच्या परीक्षेबद्दल विचारावं.

नियम चौथा. रेघा पाहाव्यात, आणि इथे मात्र थट्टा नाही. ठसा घोटताना त्याच्यावर पडलेल्या रेघा नाण्यावर उठावदार येतात आणि अक्षरापाशी येऊन थांबतात. फडक्याने पुसल्याच्या रेघा खोल असतात आणि अक्षरांवरूनही बिनदिक्कत जातात. पहिल्या टांकसाळीच्या, दुसऱ्या बनियनच्या. भाऊजी नाणं बनियनने पुसूनच फोटो काढतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि या बारीक रेघा गायब होतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. मीही सांगत असतो. ते आधारकार्ड पाठवतात.

नियम पाचवा. एकाच बाजूचा फोटो आला तर संशय घ्यावा. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, ओरड झाली, सरकारने नाणी मागे घेतली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. भाऊजींच्या थरथरत्या हातात 1912 चा सुधारलेला हत्तीही पुन्हा डुक्कर होतो आणि किंमत वाढते. साल मागच्या बाजूला असतं. मागची बाजू पाठवायला ते विसरतात.

नियम सहावा. गांधीजींच्या दहा रुपयांवर ‘1869-1948’ लिहिलं आहे, ते नाणं पाडल्याचं साल नव्हे. नाणं जन्मशताब्दीचं, 1969 चं: 15 ग्रॅम, त्यात 80 टक्के चांदी. ते दीडशे वर्षांचं आहे हे भाऊजींनी बहिणीला पटवलेलं असल्यामुळे हा नियम घरात उच्चारू नये. मुंबईच्या साध्या नाण्यावर हिऱ्याच्या आकाराची खूण असते, त्या काळातल्या प्रूफवर बहुधा इंग्रजी ‘बी’. ती खूण अंगठ्याखाली झाकलेली असते.

नियम सातवा. वजन फोटोत येत नाही.

ग्रेडचं म्हणाल तर शेल्डन नावाच्या अमेरिकी गृहस्थाने 1949 साली 1 ते 70 अशी मोजपट्टी आखली. भाऊजींकडे ती 69 पासून सुरू होते. वाद घालू नये. काळपट पडलेलं नाणं त्यांनी पाठवलं तर मात्र मनापासून दाद द्यावी आणि लगेच फोन करावा, कारण तो सुंदर निळा-जांभळा पापुद्रा पुढच्या दहा मिनिटांत टूथपेस्टखाली जाणार असतो.

नियम आठवा, आणि हा मी स्वतः पाळतो. कितीही स्पष्ट फोटो आला तरी उत्तर एकच द्यावं: “भाऊजी, हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाही, रविवारी येतो.” मग रविवारी जावं. ते नाणं कडेने धरून देतात (एवढं शिकलेत), बहीण पोहे करते, ते एकेका रुपयाची पूर्वी सांगितलेली हकिकत पुन्हा सांगतात, आणि आपण काचेतून पाहून ‘बासष्ट असेल’ म्हटलं तर रागावतात. एकदा त्यांच्या ओळखीचा एक गिऱ्हाईक बरा भाव घेऊन दारात आला होता. भाऊजींनी त्याला चहा पाजला, पेटी दाखवली आणि म्हणाले, “पण विकाचं हाये कोणाले?”