आम्ही मध्यम

आहारतज्ज्ञ बाईंच्या फॉर्मवर नाव, वय, वजन (दोन किलो सूट घेऊन) लिहून झालं आणि तो रकाना आला : शारीरिक हालचाल. बैठी, मध्यम की जास्त? मी बेधडक ‘मध्यम’वर खूण केली. जन्मभर मध्यमवर्गीय राहिलेला माणूस दुसरं काय करणार?

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘काम काय करता?’’

‘‘ऑफिसात असतो.’’

‘‘तिथे काय उचलता?’’

‘‘फोन.’’

पण मी दमतो हो! संध्याकाळी मोजे काढायचं त्राण उरत नाही. बाई म्हणाल्या, ‘‘दमणं वेगळं, हलणं वेगळं.’’ मग मी पुरावा म्हणून मोबाइल काढला. मंगळवारची ६,२०० पावलं! त्यातली बरीचशी मी स्कूटरवर बसून चाललो होतो, हे नंतर लक्षात आलं. खिशातला फोन खड्ड्यांतल्या आदळआपटीलाही पावलं समजतो. मनगटावरचं घड्याळ आरतीच्या टाळ्यांवरही खूश होतं. गणपतीत मी देवापुढे उभ्या-उभ्या बरंच अंतर कापलंय. आणि ते दहा हजारांचं लक्ष्य तरी कुठलं? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. जाहिरातीतला आकडा आम्ही शास्त्र म्हणून मनगटावर बांधला.

खरा घोळ पुढे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीत ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी आणि मध्यमाला २,७१०. म्हणजे पेनाच्या एका फटकाऱ्यात मी स्वतःला सहाशे कॅलरींचा भत्ता मंजूर करून घेतला होता. ढोबळ हिशेबाने दोन वडापाव. रोज. बिल न लावता.

आणि मध्यम कोण, तर त्यांच्या जुन्या यादीत सुतार, गवंडी, कुंभार, वेल्डर, हमाल, शेतमजूर. त्या रांगेत मी, हातात एक्सेल शीट घेऊन. बैठ्यांत शिक्षक, शिंपी, निवृत्त मंडळी आणि चक्क पोस्टमन! उन्हातान्हात दारोदार फिरणारा पोस्टमन जर बैठा, तर माझ्यासाठी ‘आडवा’ असा वेगळा रकाना काढायला हवा. बायकांच्या यादीत तर कमालच. मोलकरीण मध्यम, गृहिणी बैठी. तीच फरशी, तोच पोछा. पगार घेतला की मध्यम, नाही घेतला की बैठी. ही यादी मी घरी मोठ्याने वाचली. त्या दिवशी फरशी मी पुसली. निम्मी.

‘‘पण मी रोज सकाळी अर्धा तास फिरतो,’’ मी शेवटचा पत्ता टाकला.

‘‘दिवसाची मिनिटं १,४४०. त्यातली तीस. त्यातली टपरीवर किती?’’

‘‘दहा.’’

फिरणं वाया जात नाही म्हणे. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं हवीत, तीही बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. आमच्या ग्रुपमध्ये जुनी गाणी म्हणत चालतात, आलापांसकट. आणि घाम गाळून आलेला माणूस पुढचे नऊ तास खुर्चीला चिकटला, तर तो फिरून आलेला बैठा माणूस, एवढंच. मी मुकाट्याने ‘मध्यम’ खोडलं. बाईंनी रोजच्या दोन पोळ्या खोडल्या. ‘‘आणि जिना वापरा,’’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात खाली लिफ्टसमोर उभा होतो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तेवढ्यात जिन्यावरून पोस्टमन उतरले, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम.

‘‘साहेब, लिफ्ट बंद आहे.’’

‘‘होईल चालू,’’ मी म्हटलं आणि वॉचमनच्या स्टुलावर बसलो.