चार तारे आणि एक फडकं

बोरीवलीत थंडी पडते असं फक्त बोरीवलीकर म्हणतात. अंधेरीच्या मेव्हण्याला मी दर डिसेंबरात ऐकवतो, "आमच्याकडे नॅशनल पार्क आहे बाबा, पहाटे शाल लागते." ती शाल मी पायांवर घेतो आणि डोक्यावर पंखा तीनवर असतो. मुंबईतली खरी थंडी २२ जानेवारी १९६२ ला पडून गेली. त्या दिवशी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेव्हापासून आमच्या बाजूला पडते ती स्वेटर घालायची हौस.

असं असूनही, थंडीत चालवायला सुरक्षित आणि खिशाला परवडणारी गाडी घ्यायची, असं मी गेल्या दिवाळीत घरात जाहीर केलं. कारण आई. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दव गोठतं, ही बातमी ती दर हिवाळ्यात पेपरात वाचते, चष्मा काढते आणि माझ्याकडे बघते.

मी नोकरीला खरेदी खात्यात. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय मी घरी केरसुणीसुद्धा घेत नाही. तेव्हा पाच लाखांत जुनी गाडी घेण्यासाठी मी वही घातली. ग्लोबल एनकॅप नावाच्या संस्थेने २०१४ साली भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. हे वाचल्यावर मी दोन रात्री रिक्षातही पट्टा शोधत होतो. पुढे २०१९ मध्ये नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकापुरती एअरबॅग सक्तीची झाली, २०२३ मध्ये आपलं स्वतःचं भारत एनकॅप आलं, हे सगळं मी जेवताना घरच्यांना वाढत होतो. हायवेवर बोरीवली ते अंधेरी ताशी ६४ चा वेग गाठायचा तर रात्री अडीचला निघावं लागेल, हे बायकोने लक्षात आणून दिलं. मी ते वहीत घेतलं नाही.

वहीतून शेवटी चार ताऱ्यांची एक गाडी निघाली. ती बघायला जुन्या गाड्यांच्या दुकानात मी टॉर्च घेऊन गेलो. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, एवढं ज्ञान ताजं होतं. जमिनीवर पालथा पडून मी वाचलं, "३२१६. म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. हे टायर म्हातारे आहेत." दुकानदार म्हणाला, "साहेब, जन्मवेळही सांगतो, पत्रिका मांडून घ्या." टायर मात्र त्याने चारही बदलून दिले, त्यामुळे माझी छाती आणखी फुगली. भर दुपारी बारा वाजता मी फॉग लॅम्प लावून बघितले. मागच्या काचेवरच्या बारीक आडव्या रेघा मुलाने दाखवल्या, तेव्हा "ते रेडिओचं एरियल" असं मी ठणकावून सांगितलं. एक बटण कशाचं ते कळलं नाही, पण चार ताऱ्यांच्या गाडीच्या भावी मालकाने असल्या शंका विचारायच्या नसतात.

वझिऱ्याच्या गणपतीसमोर नारळ फोडला, चाकांखाली लिंबं चिरडली आणि जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री दोनला आम्ही पाच जण निघालो. माझ्या डोक्यावर माकडटोपी. एक्सप्रेस वे, खंबाटकी, सगळं मी घाटातल्या गाईडसारखं समजावत पार पाडलं. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो, तेव्हा उजाडायला आलं होतं आणि शेतांवर धुकं बसलं होतं. मला अगदी परीक्षेत पाठ केलेला प्रश्न आल्यासारखं झालं.

फॉग लॅम्प लावले. वर अप्पर लावला, तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. मग चारही इंडिकेटर लावले. पसरणी घाट सुरू झाला आणि धुकं अचानक गाडीच्या आत आलं. पुढची काच दुधासारखी. "पुसा हो!" मी ओरडलो. बायकोने फडक्याने पुसली, काच पुन्हा भरली. आईने पदराने पुसली. मुलाने तिच्यावर बोटाने गणपती काढला. चार तारे, दोन एअरबॅगा, नवे टायर आणि मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून, मुंगीच्या वेगाने घाट चढत होतो. मागे एसटी. तिचा हॉर्न ऐकून मी कडेला थांबलो. एसटी शेजारी आली आणि ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला,

"सायेब, एशी लावा की!"

"अहो, आधीच गारठलोय!"

"गारठा ऱ्हाऊ द्या, काच बघा. पाच मानसांचा वाफारा कोंडलाय आत. एशी ती वल वढून घेतो. काचंवर वारं सोडा, भायेरची हवा घ्या. आन् ते चार दिवं बंद करा, वळताय का थांबताय कळंना झालंय."

वाईच्या आधी ट्रकच्या धुराला कंटाळून मी आतलीच हवा आत फिरवायचं बटण दाबलं होतं. ते काढलं, एसी लावला, सोबत गरम हवेची कळ फिरवली. मिनिटभरात काच स्वच्छ झाली, गणपतीसकट. ज्या बटणाचा अर्थ लागला नव्हता, ते मुलाने दाबलं. मागच्या काचेवरच्या एरियलच्या रेघा तापल्या आणि तीही काच मोकळी झाली. मुलगा काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "बाबा, रेडिओ लागला."

पाचगणीला चहा प्यायला थांबलो तेव्हा बायकोने गाडीच्या कप्प्यातून माहितीपुस्तक काढलं. प्लास्टिकचं वेष्टन आधीच्या मालकानेही फाडलं नव्हतं.

वेण्णा लेकला पोचायला साडेदहा वाजले. ऊन चढलं होतं, दव कधीच वाळलं होतं. आई काठावर थोडा वेळ उभी राहिली, दोन वाटे स्ट्रॉबेरी घेतली आणि जाताना स्टँडवर गाडी थांबवायला लावून पुढच्या जानेवारीसाठी मुंबईच्या गाड्यांच्या वेळा विचारून आली. तिला शहात्तरावं चालू आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे.