आधी माघारी घ्या

प्रत्येक तालुक्यात असा एक तरी इसम असतो, ज्याच्या दारात सायकलीपलीकडे वाहन नसते, परंतु ज्याच्या संमतीवाचून इतरांच्या वाहनाचे चाक हलू शकत नाही. पाटोद्याकडचे आमचे डायवरकाका या वर्गाचे मुकुटमणी होत. सरकारी जीप हाकता हाकता साहेबांची महसुली भाषा त्यांच्या अंगी मुरली. आणि 1949 साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडावयास घेतली तेव्हा स्वतः रांगत असूनही, तिच्या यच्चयावत व्याधींचे दप्तर त्या दिवसापासून आपल्याच ताब्यात आहे, अशा अधिकाराने ते बोलतात.

आमच्या एका स्नेह्याने जुनी जीप घेतली आणि पहिल्याच पावसात तिचा 'फोर व्हील'चा दांडा अडकून बसला. काका आले, गोणपाट अंथरून जीपखाली शिरले, आणि तेथूनच जबानी सुरू झाली. गाडी रुतली कोठे? बाहेर निघाल्यावर दांडा तसाच ठेवून डांबरी रस्त्यावर वळवली काय? कबुली मिळताच बाहेर येऊन, धोतर झटकून त्यांनी फैसला सुनावला, "आधी माघारी घ्या!" जीप दहा-वीस हात सरळ मागे जाताच दांडा खट्कन सुटला. वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर तोडतात. चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर मात्र तो मिटत नाही, आणि या जीपमध्ये दोन्ही एक्सल एकमेकांस जखडलेले असल्याने सारा ताण मधल्या पेटीत साचतो. तो मागे घेतल्याने उतरतो, हे शंभर टक्के खरे आहे. दुर्दैव एवढेच, की हे खरे ठरले.

कारण तेव्हापासून काकांजवळ दुसरे औषध उरले नाही. क्लच घसरतो? माघारी घ्या. रेडिएटर तापतो? माघारी घ्या. सोयरीक मोडण्याच्या बेतात आली, तेव्हा भर बैठकीत त्यांनी हाच हुकूम सोडला, आणि वरपक्षाने तो शब्दशः अमलात आणला. एकदा काळ्या रानात एका तरुणाची जीप रुतली. मागची चाके गरगरत होती, पुढची स्वस्थ. काकांच्या आज्ञेवरून त्याने ती मागे घेतली मात्र, आणि ती एक्सलपर्यंत जमिनीत गेली. तेव्हा कोठे काकांनी पुढच्या चाकांचे हब चाचपले. ते 'फ्री'वरच होते, म्हणजे दांडा ओढूनही पुढच्या चाकांना कामाचा पत्ताच नव्हता. हातानेच दोन्ही 'लॉक' केले, जीप हळूहळू बाहेर आली. "मागं गेली म्हनून पुढं आली," असा शेरा मारून काका सायकलीवर बसले. आमच्या जिल्ह्यातील कित्येक योजना याच तत्त्वावर चालतात, तो भाग निराळा.

अशा माणसाला टाळावेसे वाटते, आणि आम्ही टाळतोही. परंतु 1972च्या दुष्काळात, साहेबांना दुष्काळी कामांवर पोहोचवून जीपच्या सावलीत बसलेल्या या माणसाने खडी फोडणारी आपल्याच गावची माणसे पाहिली आहेत. त्याविषयी मात्र ते कधी बोलत नाहीत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा भांडी, बाजले, शेळी आणि लेकरे भरलेल्या प्रत्येक ट्रॉलीपाशी काका कंदील घेऊन उभे असतात. हुकाची पिन हाताने ओढून पाहतात, चाकांचे नट आवळतात, ग्रीसचे पैसे घेत नाहीत. त्या ट्रॅक्टरवाल्यांना "माघारी घ्या" म्हणताना त्यांना कोणी ऐकलेले नाही; "सावकाश जा" एवढेच म्हणतात. आमच्या जीपा त्या पंधरवड्यात बिघडल्याच, तर टोळ्या गेल्यावर अर्ज करावा, असा त्यांचा लेखी नसलेला पण कायम हुकूम आहे.