रुक्मिणी : एका सालस नावाची कुळकथा

रुक्म म्हणजे सोने, आणि त्यावरून आलेले रुक्मिणी हे नाव वऱ्हाडात रुखमा, रखमाबाई, रखुमाई अशा रूपांनी इतके अंगवळणी पडले आहे, की तांदळाच्या ताटात अंगठीने ते लिहून नव्या सुनेला देताना मूळ रुक्मिणीचे लग्न कसे झाले, याची चौकशी कोणी केली नाही.

भागवताच्या दशम स्कंधातील हकीकत अशी, की ही विदर्भराज भीष्मकाची कन्या. त्याची राजधानी कुंडिनपूर म्हणजे परंपरेनुसार अमरावती जिल्ह्यातील, वर्धेकाठचे कौंडण्यपूर. थोरला भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी सोयरीक जुळवली आणि वऱ्हाडी जमू लागले, तेव्हा नवरीने एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला कृष्णाकडे ७ श्लोकांचे पत्र धाडले. पत्रात प्रेम आहेच, पण त्याहून व्यवस्था अधिक आहे : लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर जाते, तेथूनच न्यावे, म्हणजे अंतःपुरात शिरून नातलगांना मारण्याची वेळ येणार नाही. इतके चोख नियोजन आजच्या मंगल कार्यालयांतही क्वचितच आढळते.

कुलदेवीचे ते देऊळ अमरावतीच्या अंबादेवीचे, अशी स्थानिक श्रद्धा आहे. कौंडण्यपूर तेथून चाळीसेक किलोमीटर दूर असल्याने ‘गावाबाहेर’ या शब्दावर थोडा ताण येतो, पण श्रद्धेला फूटपट्टी लावू नये. मौज अशी, की ज्या देवळातून नवरी पळाली असे सांगतात, त्याच देवळात लग्नाची पहिली पत्रिका ठेवण्याचा रिवाज अमरावतीकर मनोभावे पाळतात.

एकनाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची गोष्टही याच जातीची आहे. उपवर मुलीने त्याचे पारायण केले की चांगले स्थळ मिळते असा समज असून, अमरावतीपासून अकोल्यापर्यंत वडीलधारी मंडळी पोथी स्वतः काढून देतात. हीच मंडळी पुढे मुलीने साक्षगंधाआधी, म्हणजे वाङ्‌निश्चयाआधी, आपला कृष्ण आपणच निवडल्याचे कळताच रुक्मीची भूमिका घेतात, आणि पोथी त्यांनी स्वतः वाचली नसावी अशी शंका येते.

आषाढीला मात्र कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. पळून गेलेल्या लेकीचे माहेर इतक्या निष्ठेने जपणारा मुलूख दुसरा सापडणे कठीण. पाठलागावर निघालेला रुक्मी मात्र कृष्णाकडून हरला, बहिणीला आणल्याशिवाय न परतण्याच्या प्रतिज्ञेप्रमाणे कुंडिनपुरात परतला नाही आणि त्याने भोजकट नगर वसवले. ते म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे मानतात. वऱ्हाडात रुखमा पुष्कळ सापडतात. मुलाचे नाव रुक्मी ठेवलेले ऐकिवात नाही.