ईथरदा

कोलकात्याच्या प्रत्येक पाड्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक फुटबॉलदा असतो, एक राजकारणदा असतो आणि कुणी शिंकलं की चार पांढऱ्या गोळ्या पुढे करणारा एक होमिओपॅथीदा असतो. या पंगतीत अलीकडे ईथरदा येऊन बसला आहे. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा कपाळावर, खांद्याला झोळी. झोळीत घरातल्या लुडोच्या डब्यातून पळवलेले फासे आणि एका अमेरिकन पुस्तकाची कॉलेज स्ट्रीटवर काढलेली झेरॉक्स. श्यामबाजारात तो जुन्या घराच्या बैठकीत सापडतो, गडियाहाटला फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलाशी, सॉल्ट लेकला गच्चीवर. माणसं वेगळी, पण झेरॉक्स तीच आणि तक्रारही तीच.

तक्रार समजण्यापूर्वी खेळ समजायला हवा. टेबलाभोवती पाच-सहा जणांनी बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि पात्राने मारलेली उडी पलीकडे पोचली की खड्ड्यात पडली, हे फाशांवर ठरवायचं. 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला तेव्हापासून जगभरची शहाणीसुरती माणसं हा उद्योग करत आली आहेत. बंगाल्याला यात नवे होते ते फक्त फासे. चहा पीत, घरची कामं चुकवत, न घडलेल्या गोष्टी तासन्‌तास सांगणं याला तिथे अड्डा म्हणतात. प्रेमेंद्र मित्रांचा घनादा 1945 पासून मेसमधल्या आरामखुर्चीत बसून हेच करत होता.

ईथरदाची पोथी म्हणजे फ्रँक चॅडविक यांनी 1988 साली काढलेला ‘स्पेस: 1889’. त्या जगात एडिसन 1870 सालीच ईथरच्या पंख्याचं जहाज घेऊन मंगळावर पोचला आहे. 1889 उजाडेपर्यंत मंगळावर कालवे, जुनी राज्यं आणि इंग्रज. शुक्रावर दलदल, डायनासोर आणि जर्मन. मंगळाच्या डोंगरात एक लाकूड उगवतं, ते आपोआप वर उचललं जातं, म्हणून तिथली गलबतं हवेत चालतात. ज्या राज्यावर सूर्य मावळत नसे, ते आता सूर्याच्या इतर पोरांनाही कर लावायला निघालं आहे. सगळीकडे वाफ, पितळ, मिशा आणि शिरस्त्राणं.

माझ्या वाट्याला आलेल्या ईथरदाला मी पहिल्याच बैठकीत विचारलं, “पण दादा, ईथर नाहीच, असं मायकेलसन आणि मोर्ली यांच्या प्रयोगातून 1887 मध्ये दिसलं होतं ना? मग 1889 साली पंखा फिरतो कशात?”

“टपाल,” ईथरदा म्हणाला. “बातमी अजून अलीपूरला पोचलेली नाही. पोचेपर्यंत ईथर आहे.”

आता तक्रार. तक्रार अशी, की ही सगळी जहाजं लंडनहून का सुटायची? 1911 पर्यंत हिंदुस्थानची राजधानी कोलकाता. कोळसा राणीगंजचा. रस्त्यावर 1857 पासून गॅसचे दिवे. विज्ञानासाठी महेंद्रलाल सरकारांनी 1876 मध्ये काढलेली संस्था. आणि 1889 सालीच, याच शहरात, नारकेलडांग्याच्या गॅस कारखान्यातून रामचंद्र चटर्जी नावाचा कसरतपटू बलूनमध्ये बसून एकटा आभाळात गेला होता. “बरोब्बर 1889!” हे सांगताना ईथरदाचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो. “चॅडविकसाहेबांना साल बरोबर सापडलं, मोशाय. गाव चुकलं.”

म्हणून त्याच्या खेळातलं जहाज खिदिरपूरहून सुटतं. सुटतं म्हणजे, सुटायचं आहे. कारण ईथरदा हा इतिहासाच्या बाबतीत सोवळ्यातला माणूस, आणि खिदिरपूरची गोदी पुरी झाली 1892 मध्ये. 1889 मध्ये तिथे बांधकाम चालू. त्यामुळे जहाज चिखलात उभं आहे आणि आम्ही कंत्राटदाराशी भांडतो आहोत. सेक्टर फाइव्हमधला एक संगणक अभियंता आमचा कप्तान आहे. तो एकदा कळवळून म्हणाला, “दादा, जहाज उडतं ना? मग गोदी कशाला?” ईथरदाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. “आणि पोर्ट कमिशनरांचा दाखला?”

मग आलं ते तरंगतं लाकूड. पुस्तकात ते विकत मिळतं. ईथरदाला हे पटेना. कोण पिकवतं? कुठल्या भावाने? मळेवाला साहेब मंगळावरच्या रयतेला आगाऊ रक्कम देऊन पिढ्यान्‌पिढ्या बांधून घालत असणार, जसं निळीच्या साहेबांनी नदिया-जसोरमध्ये केलं. 1859 साली बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार दिला, 1860 मध्ये दीनबंधू मित्रांचं ‘नीलदर्पण’ आलं, त्याच वर्षी सरकारला चौकशी आयोग बसवावा लागला. तेव्हा आमचाही आयोग बसला. एक रविवार साक्षी, दुसरा रविवार उलटतपासणी. तेलेभाजाच्या दोन परड्या संपल्या, अहवालाचा मसुदा झाला, आणि लाकूड न घेण्याचा ठराव एकमताने पास होऊन जहाज तरंगायचं राहिलं.

पण ईथरदाची खरी प्रतिभा पाहायची तर त्याचा नामकरण-तक्ता पाहावा. हा नियम मूळ पुस्तकात नाही, त्याने स्वतः रचलेला आहे. खेळात एखाद्या हिंदी पात्राने शोध लावला की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. आधी फासा टाकायचा आणि त्या शोधाला कुठल्या साहेबाचं नाव लागलं ते तक्त्यात बघायचं. एक ते पाच, पाच साहेब. सहा पडले तर पुन्हा टाका. कारण विचारलं की तो राधानाथ सिकदारांचं नाव घेतो. आकडेमोड त्यांची, जगातलं सर्वांत उंच शिखर हिशेबात सापडलं ते त्यांना, आणि नाव लागलं जॉर्ज एव्हरेस्टचं, जे 1843 सालीच निवृत्त झाले होते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधला एक विद्यार्थी आमच्यात असतो. त्याने गणित मांडून दाखवलं, की या तक्त्याने शोध शोधकाच्या नावावर लागण्याची शक्यता शून्य आहे. ईथरदा म्हणाला, “एकदम ऐतिहासिक.”

विनोदी बोलतो, पण तक्ता वाचताना त्याचा आवाज थोडा चढतो, हेही सांगायला हवं. जगदीशचंद्र बसूंनी 1895 मध्ये टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली, यापुढचं वाक्य त्याला कधी धड पुरं करता येत नाही. मार्कोनीच्या ‘मा’पाशी चहा लागतो.

बसूंवर त्याची भक्ती दुहेरी आहे, कारण त्यांनी 1896 साली एक विज्ञानकथाही लिहिली आणि तीसुद्धा केशतेलवाल्याच्या स्पर्धेसाठी. कोलकात्यावर येऊ घातलेलं चक्रीवादळ कुठे नाहीसं झालं, याचा उलगडा त्या कथेत समुद्रात फेकलेल्या केशतेलाच्या बाटलीने होतो. पृष्ठताणाचं खरं शास्त्र आणि तेलाची बिनबोभाट जाहिरात. त्यामुळे आमच्या खेळात अलीपूरच्या वेधशाळेने वादळाचा इशारा दिला, तेव्हा तोफा, बाष्पक, नांगर सगळं सोडून चौघेजण खिदिरपूरच्या बाजारात केशतेल शोधत फिरत होते. फासे चांगले पडले. वादळ शमलं. जहाज मात्र इतकं तेलकट झालं की खलाशी घसरून पडायला लागले, आणि पुढचा रविवार अस्थिभंगात गेला.

माझं काय? मी बदलीवर या शहरात आलेला मराठी माणूस. ईथरदाने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली. “मग लुटारू आपण!” वाद घालण्यात अर्थ नव्हता. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार 1740च्या दशकात बंगालभर चौथाई वसूल करत फिरले. बंगाली त्यांना बर्गी म्हणतात, आणि तिथली पोरं अजून त्या नावाच्या धाकाने झोपतात. कोलकातेकरांनी 1742 मध्ये आपल्याभोवती मराठा खंदक खणायला घेतला. थोडा खणला, पण मराठे काही आले नाहीत, आणि काम अर्धवट राहिलं. बागबाजारात त्याच्या नावाची गल्ली अजून आहे. ईथरदाचा मराठ्यांवर दुहेरी राग आहे. एक तर ते बंगालवर आले. दुसरं, एवढा खर्च करून खंदक खणला तर कोलकात्यावर आले नाहीत.

तर मी मंगळावरच्या वाळवंटातला बर्गी. हाताखाली सहा पायांच्या जनावरांवरचे तीनशे स्वार. काम एकच, कालव्याकाठी दबा धरायचा आणि कोलकात्याचं जहाज उतरलं की लुटायचं. आता जहाज खिदिरपुरात आणि मी मंगळावर, त्यामुळे खेळात मला बोलायला वाव नाही. बाकीचे आयोग बसवतात, ठराव लिहितात, केशतेल आणतात. अधूनमधून ईथरदा सौजन्याने विचारतो, “बर्गीमोशाय, आपण काय करताय?” मी म्हणतो, “वाट बघतोय.” तो वहीत लिहून घेतो.

एकदा मी महाराष्ट्राची बाजू सावरायचा प्रयत्न केला. म्हटलं, 1895 साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपद्यांनी विमान उडवलं होतं. ईथरदाने शांतपणे मुडी चघळत विचारलं, “पुरावा?” एडिसनला मंगळावर पाठवणाऱ्या माणसाने पुरावा मागावा! पण खरं बोलायचं तर या बाबतीत आपली बाजू लंगडीच आहे. आपण ‘केसरी’कडे बोट दाखवतो, समोरच्याने अंक मागितला की विषय बदलतो. रामचंद्र चटर्जी वर गेला त्याचे साक्षीदार शहरभर होते. मी विषय बदलला.

बौदी, म्हणजे ईथरदाची बायको, या खेळात नसतात, पण खोलीत असतात. त्यांना एडिसनचं कौतुक नाही. रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. तीत बायका हवेतल्या गाड्यांतून फिरतात, उन्हावर स्वयंपाक करतात आणि पुरुष पडद्यात बसून घर सांभाळतात. बौदी त्याच बाईंनी कोलकात्यात चालवलेल्या शाळेत शिकलेल्या. “त्या गोष्टीत गाडी उडते,” एवढंच त्या म्हणतात आणि कपबश्या विसळायला कप्तानाला आत बोलावतात. कप्तान जातो. घरातली तेवढी एकच आज्ञा कुठल्याही आयोगाशिवाय अमलात येते.

मला कधीकधी वाटतं, ईथरदाला मंगळावर जायचंच नाही. मंगळावर पोचून करणार काय? तिथे सत्यजित रायांचा प्रोफेसर शंकू 1961 सालीच मांजर, नोकर आणि यंत्रमानव घेऊन पोचलेला. ईथरदाला हवं आहे ते 1889 सालचं कोलकाता, दर रविवारी चार ते आठ, आणि त्या कोलकात्यात या वेळेला हिशेब नीट झालेला. इंग्रजांनी घाईघाईत उरकलेली प्रत्येक गोष्ट तो पुन्हा उघडतो, तपासतो, शेरा मारतो. साम्राज्याशी असं सावकाश, चहासकट भांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लढाईचा फासा त्याच्या घरी पडलेला मला आठवत नाही.

गेल्या रविवारी मात्र कप्तानाचा धीर सुटला. “दादा, जहाज निघणार कधी?”

“पूजोर पोरे,” ईथरदा म्हणाला. दुर्गापूजेनंतर. कोलकात्यातली रखडलेली सगळी कामं, गळक्या नळापासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत, याच तारखेला ठेवलेली असतात.

मंगळावरून मी तोंड उघडलं. “कुठल्या पूजेनंतर? यंदाच्या की 1889च्या?”

ईथरदाचा चष्मा नाकावर आला. झेरॉक्स मिटली. प्रश्न योग्य होता, आणि 1889ची षष्ठी कुठल्या तारखेला होती हे ठाऊक असल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. त्या सालची ‘गुप्त प्रेस’ची पंजिका, म्हणजे पंचांग, कॉलेज स्ट्रीटवर मिळते का, हे बघायची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकण्यात आली. ती हाती येईपर्यंत खेळ तहकूब आहे. माझ्या तीनशे स्वारांच्या रोजच्या दाणागोट्याचा खर्च कुणी सोसायचा, हा मुद्दा मी लेखी देऊन ठेवला आहे.