काका, जरा बाजूला

लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात, पण ती सूचना कॅमेरा बाळगणाऱ्या मित्राला लागू नसते. त्याचा आहेर परस्पर ठरलेला असतो. हॉलचा ॲडव्हान्स भरून होतो, मेंदीवालीशी घासाघीस होते, घोडा की उघडी मोटार यावर घरात दोन दिवस अबोला होतो, आणि मग कुणाला तरी फोटोची आठवण येते. नवरदेव म्हणतो, ‘‘आपला बंड्या आहे ना! त्याने नुकताच कॅमेरा घेतलाय.’’ बंड्याने तो दिवाळीच्या सेलमध्ये हप्त्यावर घेतलेला असतो आणि आजवर त्यातून घरचे मांजर, खिडकीतला पाऊस आणि सिंहगडावरची पिठलं-भाकरी एवढेच टिपलेले असते. यांपैकी कुणीही त्याला ‘फोटो कधी देतोस?’ असे विचारलेले नसते.

आदल्या रात्री बंड्याला झोप लागत नाही, ती उजेडाच्या काळजीने. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स झूम केली की ५.६ वर जाऊन बसते, आणि कार्यालयाच्या ट्यूबलाइटमध्ये तिला नवरी आणि नवरीमागचा खांब सारखेच दिसतात. जाणते सांगतात, ५० ची १.८ घे, स्वस्त आणि मस्त. बरोबरच आहे, ५.६ च्या मानाने ती जवळजवळ दसपट उजेड आत घेते. पण छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती लावून सहा मीटर पसरलेला मुलाकडचा गोतावळा एका फोटोत बसवायचा, तर बारा-तेरा मीटर मागे सरकावे लागते, म्हणजे थेट चपलांच्या ढिगात. बरे, पुढे जावे, तर दीड मीटरवरून १.८ ला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. तेवढ्यात नथ मावते, कान मावत नाहीत. नवरी मान खाली घालते, मुंडावळ्या पुढे झुलतात, कॅमेरा इमानेइतबारे सगळ्यात पुढच्या मोत्यावर फोकस धरतो. अल्बममध्ये मोत्यांची सर झकास येते आणि तिच्यामागे कुणी मुलगी उभी असावी असा संशय येतो.

फ्लॅश छतावर मारावा, असे पुस्तके सांगतात. ती लिहिणाऱ्यांची छते पांढरी आणि बुटकी असावीत. आपल्याकडे डेकोरेटरने वर पिवळे-गुलाबी कापड ताणलेले असते आणि त्यावरून परतलेल्या उजेडात नवरदेव कावीळ झाल्यासारखा दिसतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले नाही, तर शालूवर विणकराने न विणलेले पट्टे उमटतात. आयएसओ वाढवावा, तर फोटोत दाणे येतात. सुदैवाने अक्षतांच्या वेळी त्यातला तांदूळ कुठला आणि दाणा कुठला, हे कुणी तपासत नाही.

हे सगळे निस्तरता येते. रॉमध्ये काढले असेल, तर कावीळ घरी बसून उतरवता येते. काका मात्र निस्तरता येत नाहीत.

पगारी फोटोग्राफर बघा. त्याच्या गळ्यात कोपरापासून मनगटापर्यंत लांब लेन्स असते आणि मागे काठीवर दिवा धरून एक पोरगा. तो नुसते ‘‘काका’’ म्हणतो आणि तीन काका बाजूला होतात. त्याने हात वर केला की गुरुजी पळीतले तूप पळीतच ठेवून ‘स्वाहा’ अर्ध्यावर थांबवतात. तो नवऱ्याकडून मंगळसूत्र तिसऱ्यांदा घालून घेतो आणि दोन्हीकडच्या एकाही ज्येष्ठाला त्यात अशास्त्र दिसत नाही. बंड्या म्हणतो, ‘‘काका, जरा बाजूला होता का?’’ काका चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, ‘‘तू कुणाचा रे?’’ मित्राचा मित्र हे नाते काकांच्या वंशावळीत बसत नाही. ते जागेवरच राहतात आणि वर स्वतःचा मोबाइल काढतात.

फोटोवाल्याचा असा वचक आपल्याकडे पूर्वीपासून होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळी एकेका फोटोला काही सेकंद पुतळ्यासारखे उभे राहावे लागे आणि मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. तो टेकू कुणी मोडीत काढला कोण जाणे. आज शटर सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात मिटते, तेवढा वेळही मुलीचे मामा स्थिर राहत नाहीत.

खरी परीक्षा अंतरपाटाची. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा, पण मंगलाष्टके किती होणार हे गुरुजींच्याही हातात नसते. त्यांची संपली की नवरीची मावशी पुढे येते. तिच्या हातात घडीचा कागद असतो, त्यावर स्वरचित शार्दूलविक्रीडित, आणि त्यात आजोबांच्या गावापासून धाकट्या भाच्यापर्यंत सगळी नावे गणात कोंबलेली. मावशीनंतर आणखी एक आत्या निघते. या काळात लेन्स बदलायची नाही, पाणी प्यायचे नाही, बॅटरीकडे बघायचेही नाही. (ती संपत आलेलीच असते; कार्यालयाच्या खोलीतल्या एकुलत्या चालू प्लगात रात्रभर करवल्यांचे केस सरळ करायचे यंत्र होते.) मग ‘सावधान’ होते, वाजंत्री एकदम कडाडते, अंतरपाट सर्रकन खाली येतो, आणि दोघे पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात त्या क्षणी बंड्याच्या चौकटीत उगवतात मोबाइल धरलेले अकरा हात. त्यांतल्या एका हातावर घड्याळ असते. फोकस घड्याळावर बसतो. वेळ अगदी स्पष्ट येते, १२ वाजून ४४.

पुढे पंगत. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवत असताना बंड्या जिलबीच्या ताटांवर ओणवा उभा असतो आणि त्याची पाळी येईपर्यंत मसालेभात संपून साधा भात सुरू झालेला असतो. तोवर काकांनी काढलेले फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर पोचून त्यांना बदाम, फुले आणि जोडलेले हातही मिळालेले असतात. नवरी सासरी निघताना आई रडता रडता थांबून विचारते, ‘‘फोटो कधी देशील रे?’’ आणि नवरदेव गाडीच्या काचेतून सांगतो, ‘‘सगळेच दे, आम्ही निवडतो.’’ निवडीचा निकष सोपा असतो: ज्यात आपण बरे दिसतो तो फोटो चांगला आणि बाकीचे कॅमेऱ्याचे दोष. मुलाच्या थोरल्या आत्यांचा एकही फोटो नसतो. त्या लग्नभर कॅमेऱ्याकडे पाठ करून मान-पान मोजत होत्या, हे त्यांना सांगायची हिंमत पगारी फोटोग्राफरलाही झाली नसती.

तेव्हा होतकरूंनो, पैसे मोजकेच असतील, तर काचेवर घालवू नका. १.८ ची लेन्स पुढच्या वर्षी घ्या. आधी सगळ्यात लांब हूड मिळेल तो घ्या, आत लेन्स कुठली आहे हे काकांना दिसत नाही. रिकामा स्टँड धरायला एक भाचा पकडा. स्टँड उघडायचाच नाही, भाच्याने नुसता गंभीर चेहरा करून मागे फिरायचे. अंगात आठ-दहा खिशांचे जाकीट घाला, खिशांत काही नसले तरी चालेल. पांढरा शर्ट आणि काळी पँट मात्र चुकूनही नको. मंगलाष्टके ऐन रंगात आलेली असताना कुणीतरी खांद्यावर टकटक करेल आणि मठ्ठा मागेल.